आमचं नसलेलं कुत्रं

भाऊ फौजेत भरती झाला तेव्हा लढाई चालू होती. निघताना आईच्या पाया पडून तो एवढंच म्हणाला, "आई, कुत्र्याला सांभाळ." स्वतःला जपेन असं काही म्हणाला नाही, याचा तिला भारी राग आला. तो तिने कुत्र्यावर काढला, म्हणजे त्याला आपलं म्हणायचं नाही असं ठरवलं.

बाकी सगळं रीतसर चालू होतं. भाकऱ्या झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची छोटी चानकी कुत्र्याची. पीठ उरावं म्हणून आई मुद्दाम जास्त मळायची आणि "अंदाज चुकला" म्हणायची. अंदाज रोज चुकायचा.

तक्रारी मात्र ती घेत नसे. शेजारच्या काकूंची कोंबडी त्याने फस्त केली. काकू पिसं घेऊन दारात आल्या, तर आई म्हणाली, "आवं, आमचं न्हाई ते. दारात येऊन बसतंय, त्याला म्या काय करू?" कुत्रं तेव्हा तिच्या पायाशी झोपलं होतं.

मग गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि एका वासराला चावलं. ते लोणंदच्या बाजूने आलं म्हणे. नको ते सगळं तिकडूनच येतं अशी आमची समजूत. पाटलांनी हुकूम सोडला: आपलं कुत्रं बांधून ठेवा, बेवारशी दिसेल ते मारा.

काठ्या घेतलेली माणसं आमच्या दारात आली. मी रडायला लागले. काकूही बघायला आल्या.

"वैनी, ह्ये कुत्रं कुणाचं?"

"त्यांचं न्हाई," काकूच म्हणाल्या. "मला त्यांनीच सांगितलंय."

एकाने काठी उचलली. आई तरातरा खुराड्याकडे गेली, आमची अंड्यावर आलेली कोंबडी काढून काकूंच्या हातात कोंबली. मग नेसत्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

"आमचं हाय," ती म्हणाली. "पयल्यापासनं आमचंच हाय."

लढाई संपल्यावर भाऊ सुटीवर आला. कुत्र्याने त्याला ओळखलं नाही, अंगावर धावून गेलं.

"आई, माजं कुत्रं माज्यावरच भुंकतंय!"

"तुजं कुटलं?" चुलीपुढून आई म्हणाली. "तू गेलास. ह्ये हितंच ऱ्हायलं माज्यापाशी."

भाऊ चुलीपाशी येऊन बसला. आईने त्याला जेवायला वाढलं आणि परातीत पुन्हा पीठ घेतलं. त्या दिवशी तिचा अंदाज चुकला नाही. तिने कुत्र्यासाठी अख्खी भाकरी थापली.