दर्यात उतरण्याआधीचं पाणी

आमचे हे आता त्रेसष्ट वर्षांचे. बोटीवरचं काम सुटलं, पण दरवर्षीची समुद्रात पोहण्याची शर्यत सुटली नाही. यंदा अर्ध्या वाटेवर त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की पाय हलेना. होडीतल्या माणसांनी वर ओढून त्यांना किनाऱ्यावर आणलं.

शर्यतीच्या मांडवात ते आडवे पडले होते. त्यांचा जुना सोबती पाय चोळत म्हणाला, "तू रिटायर झालंस, आता पाय पण रिटायर झाले रे."

ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी आपल्याला उतरू देतील की नाही, हीच त्यांना धास्ती.

मांडवातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काका, कालपासून पाणी किती प्यालात?"

"भरपूर प्यालंय."

मी मागे उभी होते. चार पुरुषांत बोलायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "नाय बाई. काल दुपारपासून थेंब पिवक नाय."

"का?"

माझे कान तापले. ज्या दर्याला आपण नारळ देतो, त्यात लघवी करायची नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. म्हणून शर्यतीच्या आदल्या दुपारपासून ते पाणीच बंद करत. मला सगळं माहीत होतं, आणि त्या रात्री मी त्यांच्या उशाशी तांब्याही ठेवत नसे. खाली बघत ते सगळं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, पोहतानाही घाम येतो, पाण्यात कळत नाही इतकंच. वय झालं की तहानही उशिरा लागते. गोळे दमल्यानेही येतात, पण सुकलेल्या अंगाने उतरू नका. पहाटे मिठाची पेज प्या, आणि उतरण्याआधी लघवीला जाऊन या. म्हणजे दर्याचाही मान राहील."

रिक्षात ते एवढंच बोलले, "लोकांत माझी अब्रू घालवलंस."

आठ दिवस ते दर्याकडे गेले नाहीत. मग एका पहाटे माझ्या आधी उठून चुलीपाशी बसले. मी पेज वाढली. वाटी रिकामी केली, वर तांब्याभर पाणी प्याले. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी सुरूच्या झाडांमागे जाऊन आले, मग दर्याला हात जोडून उतरले. मी दूर वाळूत बसून होते.

पाऊण तासाने आपल्या पायांनी चालत आले. टॉवेल घेताना म्हणाले, "उद्या पेज वायच पातळ कर."