पाटीतली न वाचलेली चिठ्ठी

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि आता तो ऐकायला नाही. लेकीला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. रोज सकाळी प्रार्थनेला बसते, तिथंसुद्धा हा विषय आला की घाईघाईनं आजाऱ्यांसाठी मागायला लागते. तुम्हाला सांगते. पण आधीच बजावते — दयाबिया दाखवायची नाही. मला खपायचं नाही ते.

मी मंगळवार पेठेतली निवृत्त शिक्षिका. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील म्हणून, म्हणजे कारभार बघणाऱ्यांत, निवडून आलेली पहिली बाई. आवाज खणखणीत. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. म्हणूनच त्या रविवारी चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडं आलं. आलं कसलं, मीच ओढून घेतलं की!

चार वर्षं झाली. पाळकसाहेब म्हणाले, आपण रविवारी येतो, गातो, चहा पितो, घरी जातो. या कोल्हापुरात आपली मंडळी आहे तरी कशाला? प्रत्येकानं नाव न घालता कागदावर लिहा. कापणीच्या सणाला आम्ही कणसं, वांगी, ऊस वाहतो ती वेताची मोठी पाटी पुढं ठेवली. सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. अट एकच होती — प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, एकही वगळायची नाही. ही अट सगळ्यांना दोनदा ऐकवली कुणी? मीच.

कुणाला पार्किंग पाहिजे होतं. कुणाला तरुण पोरांसाठी गिटार. एकानं लिहिलेलं, उपदेश आटोपशीर करा — लोक हसले, पाळकसाहेबही हसले. मी अगदी रंगात आले होते. आणि मग एक चिठ्ठी उघडली. निळी शाई, गोल अक्षर.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते आणि पाय मागं घेते — बघा.

रेश्मा नावाची एक मुलगी होती. जयसिंगपूरची. इथं एका दवाखान्यात नर्स, कसबा बावड्यात खोली घेऊन राहायची. त्या वर्षी आमच्याकडं यायला लागली होती. दाराजवळच्या बाकावर एकटीच बसायची. चौथ्या रविवारी मीच तिला चहा नेऊन दिला. गोड बोलले. आणि विचारलं, "तुमचं मूळचं आडनाव काय गं?" मूळचं आडनाव विचारायचं म्हणजे काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जात विचारायची. तिनं सांगितलं. सरळ, माझ्या डोळ्यांत बघून. पुढच्या रविवारी ती माझ्या बाकाशी आली, माझ्याशेजारी बसावं म्हणून. आणि मी — मी माझी पर्स उचलून त्या जागेवर ठेवली. "कुणीतरी येणार आहे," म्हणाले. कोण येणार होतं? कुणी नाही! उपासनाभर ती पर्स तिथं बसून होती.

आणि मी कोण? माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो ह्याच प्रश्नाला कंटाळून. शाळेत मलाही विचारायचे, मूळचं काय? मी घरी येऊन रडायचे. मला ठाऊक होतं की ते कसं लागतं! ठाऊक असून विचारलं. न कळून झालं असतं तर निदान मूर्ख तरी म्हणून घेतलं असतं.

तर ती चिठ्ठी. त्यात लिहिलं होतं: "एका बाईंनी मला चहा दिला आणि मूळचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर मला जागा न्हवती. शहरासाठी काही करायला जायच्या आधी आपण एकमेकांच्या शेजारी बसाय पायजे."

पाटीपुढं मी उभी. समोर अख्खी मंडळी. आणि माझ्या तोंडून निघालं — "या शहरात ज्याला कुणी नाही, त्याला आपली मंडळी घर वाटावी."

हे त्या कागदावर नव्हतं. मी जागच्या जागी रचलं. पन्नासजण एकदम "आमेन" म्हणाले. चिठ्ठी मी गीतांच्या पुस्तकात सरकवली आणि पुढची उघडली. मान वर केली तेव्हा रेश्मा माझ्याकडंच बघत होती. पाटी रिकामी होईपर्यंत ती थांबली. मग शेवटच्या आशीर्वादाच्या आधी उठून गेली. परत आली नाही. मी तिला शोधलंही नाही.

ते वाक्य मात्र सगळ्यांना इतकं आवडलं की तेच आमचं ध्येय ठरलं. फाटकावर बोर्ड लागला. त्या वाक्याच्या जोरावर आम्ही दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना नाष्टा द्यायला लागलो, पुरात लोकांसाठी हॉल उघडला. इथं तुम्ही म्हणाल, बघा, चांगलंच झालं की! खबरदार. पोहे मीही वाटले, हसून वाटले. त्यानं ती पर्स बाकावरून उचलली जात नाही.

आता चार वर्षांनी मंडळी पुन्हा तोच प्रश्न घेऊन बसली आहे. कमिटीनं ठरवलं, जुनं वाक्य तसंच ठेवायचं. काल पाळकसाहेबांचा फोन आला. "बाई, येत्या रविवारी ते वाक्य तुम्हीच वाचा. आणि ती मूळ चिठ्ठी कुठं सापडली तर बघा की. फ्रेम करून भिंतीवर लावूया."

सापडली तर! चार वर्षं रोज बघतेय मी ती.

आमच्यात क्षमा फार लवकर मिळते. दोन मिनिटं डोळे मिटायचे, कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचा, की चहा. तसलं काही मला नको. रविवारी मी उभी राहणार, माइक बाजूला सारणार आणि चिठ्ठीत आहे तेवढंच वाचणार, शेवटच्या बाकापर्यंत. मग सांगणार, ती बाई मी, आणि ते वाक्यही माझंच. वडीलपण काढून घ्यायचं तर घ्या.

चिठ्ठी पाळकसाहेबांच्या हातात देणार. फ्रेम करायची म्हणाले होते ना? करा. आणि लावा माझ्या बाकासमोर.