एका पोत्यावरचे दोघे

कुत्र्याच्या गोचिडांचं औषध उघडलं, की त्या वासासरशी मला आंबवड्याचा आमचा ओला गोठा आठवतो. लहानपणी एका श्रावणात गोचिडांनी हैराण झालेल्या कुत्र्याला मी म्हशीच्या गोचिडांसाठी कालवलेल्या औषधाचं उरलेलं पाणी चोळलं. सकाळी आमची मांजर लाळ गाळत थरथरताना दिसली. “आरं, ती त्याच्या कुशीत झोपती, त्याला चाटती, ठावं न्हाई व्हय तुला?” आई माझ्यावर ओरडली आणि कोमट पाण्याने दोघांनाही धुऊ लागली. मांजर संध्याकाळी दूध प्यायली; तोवर कुत्रा दोघांच्या झोपायच्या पोत्यावर तिची जागा सोडून बसला होता. आता घरच्या कुत्र्याला औषध लावलं, की ते सुकेपर्यंत मी आताच्या मांजरीला घेऊन आतल्या खोलीत बसतो. ती दार ओरबाडते, तरी उघडत नाही.