डिस्क ब्रेकला तेल

हसणार नाही म्हणा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. आमच्या घरात तर आठ दिवस मला चहासुद्धा हसतच मिळाला.

मी बुलडाण्याला राहतो अन् राजूर घाटाखालच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. यंदा डिस्क ब्रेकची सायकल घेतली. बायको म्हणाली, "घाट आहे, वय आहे, स्कूटर काय वाईट होती?" मी तिला तासभर डिस्क ब्रेक समजावून सांगितला. शाळेत बाकीच्या सरांना वेगळा समजावला. कोणी विचारलं होतं का? कोणीच नाही.

पण आपला काळ्या मातीचा चिखल! महिनाभरात ब्रेक दाबला की सायकल अशी किंचाळायची की घाटातली माकडं रस्ता सोडायची. शाळेत पोरं म्हणायची, "सर येऊन राह्यले बे, पुस्तकं काढा."

आता इज्जतीचा प्रश्न झाला. रविवारी शिलाई मशीनचं तेल घेतलं अन् ब्रेकच्या दोन्ही चकत्यांवर सोडलं. कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल द्यावं, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे.

सोमवारी सकाळी निघालो. आवाज गेला होता. घाटातल्या दुसऱ्या वळणावर कळलं, ब्रेकही गेला.

खरं सांगतो, भ्यालो. दोन्ही ब्रेक आवळले, पाय घासले, गजानन महाराजांना हाक मारली, पण कानात फक्त "स्कूटर काय वाईट होती" एवढंच वाजत होतं. घाटाच्या पायथ्याशी सलीमचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्यापुढं जुन्या टायरांचा ढीग असतो. मी सरळ त्या ढिगात शिरलो.

सलीम माझाच जुना विद्यार्थी. त्यानं मला उचललं, पाणी दिलं, मग चकतीवर बोट फिरवून वास घेतला.

"सर, याले तेल टाकलं का?"

"आवाज येत होता रे."

"चिखलातल्या रेतीनं चकतीले दाबणारे पॅड झिजून राह्यले होते, त्याचा आवाज होता तो. चकती धुवायची, पॅड बदलायचे. आता पॅड तेल पिऊन बसले, अन् ब्रेक गेला तेल लावत."

त्यानं नव्या पॅडचं खोकं फोडलं अन् हसत म्हणाला,

"सर, आठवीत तुम्ही विचारलं होतं, घर्षण कमी कराले काय वापराल. मी लिहिलं होतं, 'तेल, पण ब्रेकले नाही.' तुम्ही अर्धा मार्क कापला. म्हणे, विचारलं तेवढंच लिहीत जा."

"मग आता?"

"आता तो अर्धा मार्क देऊन द्या."

खिशाला लाल पेन होतंच. नव्या पॅडच्या खोक्यावर त्याचं ते उत्तर लिहिलं, पुढे अर्धा मार्क दिला, सही केली. सलीमनं तो पुठ्ठा दुकानात टांगलाय. माझी सगळी पोरं त्याच रस्त्यानं शाळेत येतात. आता घर्षणाच्या धड्यात मी नुसतं "तेल" म्हणायचं, पुढचं उत्तर अख्खा वर्ग मला शिकवतो.