लेझर घेऊ की इंकजेट?

अकोल्यात प्रिंटर विकतोय त्याला बरीच वर्षं झाली. घरासाठी लेझर घ्यावा की इंकजेट, एवढंच विचारायला लोक येतात आणि अख्खं घर काउंटरवर मांडून जातात! प्रिंटर खपतात, किस्से माझ्याकडे उरतात. घरी गेल्यावर सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

*

वरूडच्या एका संत्रा बागायतदारानं घरीच लेबलं छापायला इंकजेट नेला. महिन्याभरात फोन.

"भाऊ, संत्रं गुलाबी येऊन राह्यलं ना!"

पिवळी शाई संपली होती. म्हटलं, "पिवळी भरा."

"ते भरतो. पन लेबल पाहून एकानं डाळिंबाची ऑर्डर देल्ली, त्याचं काय करू?"

*

बाळापूरकडचं फुलशेती करणारं जोडपं. मुलीच्या शाळेसाठी बायकोला रंगीत इंकजेट हवा, नवऱ्याला लेझर. "लेझरची शाई वाळत नाही," असं मीच बोलून बसलो. काळा-पांढरा लेझर गेला.

पहिलाच प्रोजेक्ट आला झेंडूचा. छापला तर कोळशासारखा झेंडू! बायकोनं कागद नवऱ्यापुढे धरला. हा उठला, वावरातून झेंडू तोडून आणला, कागदावर चिकटवला आणि म्हणाला, "घे, कलर लेझर!"

*

तेल्हाऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहतात. नातीचे फोटो काढायला त्यांनी इंकजेट घेतला. मी बजावलं, "बाई, आठवड्याला एक रंगीत पान काढाच, नाहीतर शाई वाळून हेड जाम होतो."

वर्षभरानं सर्व्हिसिंगला गेलो. मशीन ठणठणीत! टेबलावर फोटोंची थप्पी. चाळली, तर सगळीकडे तीच नात, तोच लाल फ्रॉक.

"बाई, नवा फोटो नाही?"

"पोरगा धाडतो म्हनला हाय," असं म्हणून त्यांनी त्या आठवड्याचं पान काढलं.

*

अमरावतीचे एक गृहस्थ. तासभर मी त्यांना घरगुती वापर समजावला. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोनता हाय?"

"एकही नाही. एकटाच असतो. काय छापणार?"

त्यांनी माहितीपत्रक परत काउंटरवर ठेवलं. "मंग तुमाले घरगुती वापर काय समजनार, भाऊ!"

बरोबरच होतं.

*

आणि आमच्या मागच्या गल्लीतले काका. काकू गेल्यापासून घरात एकटेच. दुकानात आले आणि एकच प्रश्न केला, "पान्यानं कोनतं अक्षर पुसत नाही?"

"लेझरचं."

"माह्या इंकजेटचं पुसते. लेझर दे."

"किती पानं काढता, काका?"

"एकच. फाटलं की दुसरं."

"मग इथंच काढून देतो ना. प्रिंटर कायले?"

"घडीघडी कोनाले म्हनू?"

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेलो. दारावर जुना कागद होता, अक्षरं निळी ओघळलेली. तरी वाचता आलं: 'बेल बंद आहे. दार लोटून आत या.'

सवयीनं माझं बोट बेलवर गेलं. घरभर ठणठणली!

आत गेलो. काका चहाच्या दोन कपांशी बसले होते.

"काका, बेल तर चालू आहे!"

"मालूम हाय," काका म्हणाले. "बस."