काकांचं चंद्राचं कोर्ट

जर्मनीतल्या या सगळ्या एर्लांगेन गावात आज महिना कोणता आणि तो नक्की केव्हा लागला हे खात्रीने सांगणारा माणूस एकच होता, आमच्या शेजारच्या दारातले काका. बाकी सगळे, त्यात इथले विद्यापीठातले लोकही आले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबून राहतात. काकांना ते पटायचं नाही. "छापणाऱ्याने चंद्र पाहिला होता का?" असं ते विचारायचे.

काका मूळचे रेवदंड्याकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. काका शिकून जर्मनीत आले, एक्सरेची मशीनं बनवता बनवता निवृत्त झाले. बायको वारली, मुलगी लग्न होऊन दूर गेली. मग रिकाम्या वेळात काका दोन हजार वर्षं मागे राहायला गेले. म्हणजे फ्लॅट इथेच, पण माणूस जेरुसलेमला, तिथलं मोठं मंदिर अजून उभं होतं त्या काळात. मी इथे मुलाकडे, प्रशांतकडे राहते. मला जर्मन येत नाही, आणि मराठीतही चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. शाळा चौथीपर्यंत झाली, ती सगळी शेवटच्या बाकावर. पण काकांशी ओळख व्हायला बोलावं लागत नाही, नुसतं ऐकावं लागतं.

मंदिरातल्या पुरोहितांबद्दल काका असे बोलतात की जणू ते खालच्या मजल्यावर राहतात. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी सहज म्हटलं की प्रशांतचं पोट बिघडलंय. काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अनवाणी फिरतो का गार फरशीवर?" मला काही कळेना. "अहो ताई, पुरोहितांचं तेच झालं होतं. दिवसभर दगडी फरशीवर अनवाणी, अंगावर एकच पातळ कपडा, आणि जेवायला नैवेद्याचं मांस! पोटं कशी टिकणार? शेवटी मंदिराने पोटाचा वेगळा वैद्य नेमला. गेनाऊ! धर्म धर्म म्हणतात, पण व्यवस्था बघा." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. काका ते स्वतःच्याच बोलण्याला म्हणतात. त्या दिवशी प्रशांतला त्यांनी मोजे आणून दिले. औषध नाही, मोजे.

पण त्यांचा खरा जीव चंद्रात. त्या काळी म्हणे महिना आपोआप लागत नसे. कोणीतरी नवी कोर डोळ्यांनी पाहायची, जेरुसलेमच्या कोर्टात जाऊन साक्ष द्यायची, कोर्टाने उलटतपासणी घ्यायची, आणि पटलं तर न्यायाधीशाने 'पवित्र झाला' म्हणायचं, लोकांनी ते परत म्हणायचं, तेव्हा महिना सुरू. काका यहुद्यांच्या प्रार्थनाघरात जाऊन सगळे सण छापील पंचांगाप्रमाणे करतात, त्यात मोडता घालत नाहीत. पण घरी मात्र त्यांचं स्वतःचं कोर्ट. सोफ्यावर न्यायाधीश म्हणून काका, आणि समोरच्या भिंतीवर चंद्रकोरीची चित्रं चिकटवलेली, आडवी, उभी, तिरकी. साक्षीदाराने बोट ठेवून सांगायचं, अशी दिसली की तशी. साक्षीदारांना तेव्हा मोठं जेवण घालत, पुन्हा यायची गोडी लागावी म्हणून. म्हणून काका नारळाच्या दुधातली सांदणं करायचे. प्रशांतला चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं, सांदणांशी होतं. एकदा ऑफिसातून येता येता त्याने गाडीतूनच कोर पाहिली आणि थेट काकांची बेल वाजवली.

"कुठून पाहिलीस?"

"गाडीतून, काका. सिग्नलला थांबलो होतो."

"काच वर होती की खाली?"

"थंडी होती हो. वरच असणार."

"मग बाद. काचेतून पाहिलेला, पाण्यात पाहिलेला, ढगातून पाहिलेला चंद्र चालत नाही."

"आणि तुमचा चष्मा?"

यावर कोर्टाने चष्मा काढला, पुसला, परत चढवला. शेवटी निकाल दिला की चष्मा हा डोळ्याचाच भाग आहे आणि गाडी हा नाही. सांदणं मात्र त्याला मिळाली, कारण बाद झालेल्या साक्षीदारालाही उपाशी पाठवू नये असं काकांचं मत.

बातमी पोचवायचीही पद्धत होती. डोंगरावर मशाल पेटवायची आणि समोरच्या डोंगरावरचा माणूस त्याची मशाल हलवेपर्यंत आपली हलवत राहायची. असं डोंगराडोंगरावरून ती पार बाबिलोनपर्यंत जायची. काकांनी एका संध्याकाळी बाल्कनीत काठीला फडकी गुंडाळून पेटवली आणि वरखाली, मागेपुढे हलवायला लागले. समोर सायकलींचं दुकान, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अग्निशमनवाल्यांना फोन केला, आणि त्यांची गाडी दिवा फिरवत आली. नंतर काका मला शांतपणे म्हणाले, "समोरून उत्तर आलं, ताई. निळं होतं एवढंच."

साक्षीदार म्हणून कोण चालत नाही याचीही यादी काकांना पाठ. जुगार खेळणारे, व्याजाने पैसे देणारे, कबुतरं उडवणारे, आणि बायका. आमची सून मेघना हे ऐकून उसळली. "काका, मी पीएच.डी. आहे हो! मला कबुतरवाल्यांच्या शेजारी बसवता?"

"मी नाही गं बसवलं. मी आलो तेव्हा तू तिथेच बसलेली होतीस."

मला मात्र त्या यादीचा राग आला नाही. उलट हायसं वाटलं. कोर्टात उभं राहून बोलायचं माझ्यावर येणार नव्हतं.

मागच्या वसंतात आम्ही नदीकाठच्या कुरणांवर उभे होतो. सूर्य नुकताच बुडाला होता आणि पश्चिमेला कोर अगदी स्वच्छ, वाटीसारखी आडवी. काकांनी हात वर केला. "आली! बघा, आली!" त्यांचं बोट बांधकामाच्या क्रेनवरच्या लाल दिव्याकडे होतं. प्रशांत म्हणाला, "काका, ती क्रेन..." आणि थांबला. काकांचा हात हळूहळू खाली आला. परतताना त्यांनी सांगितलं, नजर जात चालली होती. डॉक्टरांना माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. "मधलंच जातं, ताई. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं, तेवढंच नाही."

त्यानंतर कोर्ट बंद झालं. भिंतीवरची चित्रं निघाली आणि तिथे आपोथेकेतून, म्हणजे औषधाच्या दुकानातून, फुकट मिळालेलं मांजरांच्या फोटोंचं कॅलेंडर लागलं. इतकं वाईट मला कोणाच्या घरातली भिंत बघून वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, न्यायाधीशाला कुठे चंद्र बघावा लागतो? साक्षीदार असतात ना?" ते हसले. "साक्षीदार कुठे आहेत? तुमचा प्रशांत फोनमध्ये बघून सांगतो. आता शरदात आमचं नवं वर्ष येईल. तो महिना मी कोणाच्या शब्दावर लावू?" उन्हाळाभर त्यांनी एकदाही पश्चिमेकडे तोंड केलं नाही. पुरोहितांच्या पोटाचीही चौकशी बंद झाली.

शरदातली कोर इकडे फार अवघड. क्षितिजाला घासून जाते, आणि ढग तर रोजचेच. एका संध्याकाळी ते थोडे फाटले. मेघना आणि मी बाजारातून चालत येत होतो. कुरणांपलीकडे मला ती दिसली, बारीक, उभी. मी मेघनाला दाखवली, पिशव्या तिच्याकडे दिल्या आणि भराभर चालत सुटले. काकांची बेल वाजवली. दार उघडलं आणि मी म्हटलं, "साक्ष द्यायची आहे."

"कोणाची?"

"माझी. मागून मेघना येतेय, तिचीही."

काका दारातच उभे. "ताई, तो नियम..."

"मला माहीत आहे. पण मी कबुतरं उडवत नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगायला घेतली, दारातच. त्या काळी एक वैद्य मुलाला आणि गड्याला घेऊन साक्ष द्यायला आला होता. पुरोहितांनी मुलाला घेतलं, गड्याला नाकारलं. मोठ्या कोर्टाने गड्याला घेतलं, मुलाला नाकारलं. "म्हणजे बघा, साक्षीदारांवर एकमत तेव्हाही नव्हतं. आल्झो, तर मग, आत या."

पद्धतीप्रमाणे मेघनाला स्वयंपाकघरात बसवलं, कारण दोघींनी एकमेकींचं ऐकायचं नाही. काका सोफ्यावर ताठ बसले. सूर्याच्या पुढे होती की मागे? उत्तरेला की दक्षिणेला? किती उंच? शिंगं कुठल्या बाजूला? मी उभी राहून सगळं सांगितलं. डावीकडे होती, झाडांच्या वर हातभर, शिंगं डावीकडे वळलेली. एवढं झालं की कोर्ट संपतं, हे मला ऐकून ऐकून माहीत होतं. पण काका थांबले नाहीत. "खाली काय होतं?" पॉपलरच्या झाडांची रांग, मी म्हटलं. "आकाशाचा रंग?" खाली पिकल्या पपईसारखा, वर जाता जाता निळा. "पक्षी?" एक बगळा गेला. "कोणत्या बाजूला?" ते डोळे मिटून बसले होते. हे प्रश्न कुठल्याच जुन्या कोर्टाचे नव्हते.

मग त्यांनी मेघनाला बोलावलं, तिला चारच प्रश्न विचारले, आणि उठून म्हणाले, "पवित्र झाला!" आम्ही दोघींनीही म्हटलं, पवित्र झाला. कॅलेंडराप्रमाणे त्यांचं वर्ष आधीच लागून गेलं होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

आता दर महिन्याला मी जाते. मेघनाची साक्ष अजूनही पटकन उरकते, माझी लांबते. ढग असले तर मी खोटं सांगत नाही. दिसली असेल तेव्हा मात्र निघायची घाई करत नाही. गवत किती वाढलंय, पाण्यावर धुकं कुठपर्यंत आलंय, कोणाच्या खिडकीत पहिला दिवा लागला, सगळं बघून ठेवते, कारण ते विचारतील.