चौदा शिट्ट्यांचं मशरूम

आमच्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर कळलं.

तीन शिट्ट्या म्हणजे वरण. पाच म्हणजे हरभरे. त्याच्या पुढं गेलं की बायका हातातलं काम थांबवून कान देतात. त्या रविवारी आमच्या घरातून चौदा शिट्ट्या गेल्या! आणि आमचं घर कुणाचं? चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ घालून मटणाच्या वाऱ्यालाही उभं न राहिलेल्या माणसाचं!

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. महिन्याभरापूर्वी त्यांना टायफॉईड झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. "समदं माती लागायलंय बघ," एवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडात. भाकरी माती, वरण माती, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तूप ओतून केलेला शिरासुद्धा माती. (शिऱ्याला माती म्हटल्यावर आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.) दोन घास घेऊन ताट सरकवायचे. धोतर कमरेला दोनदा गुंडाळायची पाळी आली. डॉक्टरांनी बजावलं, "पोटात अन्न जाऊ द्या, नाहीतर पुन्हा सलाईन लावावं लागेल."

मी या घरात आले तेव्हा नुसती बारावी होते. भावकी हसली तरी मामांनी मला शिकवलं. गेवराईच्या स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडायचे आणि एसटी हलेपर्यंत उभे राहायचे. आज मी शाळेत विज्ञान शिकवते ती त्यांच्या जिवावर. त्यामुळं त्यांचं भरलेलं ताट परत आलं की मीही माझं ताट सरकवायचे. काहीही करून या माणसाला जेववायचंच, असं मी ठरवलं.

तेवढ्यात गेवराईला आमच्या बचत गटाच्या बायकांसाठी मशरूमचं शिबिर लागलं. तिथल्या बाईंनी रेशी नावाच्या औषधी मशरूमचे असे गुण सांगितले की मी वही भरून टाकली. प्रतिकारशक्ती वाढते, थकवा जातो, झोप लागते, यकृत सुधारतं, भूक लागते! चीन-जपानकडं म्हणे शेकडो वर्षं घेतात. शेवटी बाईंनी ते वापरायचं कसं हेही सांगितलं असणार. पण मी तेव्हा पाकीट घ्यायला रांगेत पुढं घुसत होते.

घरी येऊन पाकीट फोडलं. आत तांबडे-काळसर काप. हातात घेतला तर खटखट वाजतोय! आत्याबाईंनी एक काप उंबऱ्यावर आपटून बघितला.

"सुरेखा, ही तर ढलपी हाय."

"आत्याबाई, वाळलेलं आहे. शिजलं की मऊ होतं." (विज्ञानाच्या शिक्षिकेचा आवाज!)

"सुताराकडून आणलंस का गं?"

मी दुर्लक्ष केलं. मामांना येसूर आमटी फार प्रिय. भाजलेल्या धान्याडाळीचं आणि मसाल्याचं ते पीठ कालवून आमटीला उकळी आली की मेलेला माणूस उठून बसेल. म्हटलं, आमटीत मशरूम घालू, चवही येईल आणि गुणही. काप कुकरला लावले. चार शिट्ट्या झाल्या, उघडलं, टणक. परत लावलं. नऊ झाल्या, टणक! आत्याबाई म्हणाल्या, "म्हातारं बोकडसुद्धा एवढं तरास देत न्हाई." मी इरेला पेटले. चौदा झाल्या तेव्हा काप नुसते फुगले होते, पाणी मात्र काळंभोर झालं होतं. मी काप आणि पाणी, दोन्ही येसूर आमटीत ओतलं. घमघमाट सुटला.

चौदा शिट्ट्या आणि वर येसूरचा घमघमाट. आमच्याकडं मटणाच्या रश्श्यालाही येसूरच लावतात. गल्लीनं हिशोब केला आणि उत्तर काढलं!

मी मामांपुढं ताट ठेवलं, तोच समोरचे तात्या दारात. तात्या मामांचे भजनातले सोबती. टाळ वाजवताना डोलतात तेवढेच, इतर वेळी एकदम कडक.

"माउली, काय शिजायलंय घरात?"

"आमटी हाय म्हणं," मामा म्हणाले.

"चौदा शिट्ट्यांची आमटी? आमच्या हिनं मोजल्यात. माउली, आजारपणात माणूस चुकतो. पण डॉक्टरनं सांगितलं म्हणून माळकऱ्यानं मटण खावं का?"

मामांचा हात ताटावरून मागं आला. त्यांनी गळ्यातली माळ चाचपली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो, नुसतं बघितलं. आता हा माणूस या घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही!

"मामा, शप्पथ! मटण नाही, मशरूम आहे!"

तात्यांनी वाटीत डोकावलं. तांबडे-काळे काप रश्श्यात तरंगत होते. "ही कलेजी न्हाई तर काय हाय?"

"तात्या, अळंबी आहे, अळंबी! पावसाळ्यात उगवते तिच्यातलीच."

"म्हंजी कुत्र्याची छत्री?" तात्या किंचाळले. "अवो सूनबाई, इख हाय ते! मटण परवडलं!"

झालं! मिनिटापूर्वी मी माळ बाटवत होते, आता सासऱ्याला विष घालत होते. दारात चार बायका जमल्या होत्या. आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. "हे बघा," म्हणत मी एक मोठा काप उचलला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला.

अरे देवा! कडू म्हणजे किती कडू? कडुनिंबाचा पाला त्यापुढं पेढा! आणि चावतच नव्हतं. मी दाढेनं दाबतेय, ते परत उसळतंय. पण चेहरा हसरा ठेवणं भाग होतं. डोळ्यांतून पाणी, तोंडात लाकूड, आणि वरून मान डोलावत "मस्त, मस्त" असा आवाज.

मामा माझ्याकडं बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. महिन्याभरात पहिल्यांदा मामा हसत होते!

"बस कर बाई, दाढ पडंल तुझी," ते म्हणाले. मग तात्यांकडं वळले. "तात्या, मी आजारी पडलो तवा हिनं मला लेकीसारखं बघितलं. ही मला इख देणार हाय का? दे गं ती वाटी."

आणि त्या माणसानं वाटी तोंडाला लावली. मला बोल लागू नये म्हणून, भरल्या गल्लीसमोर. मला हुंदकाच आला. (काप तोंडातच असल्यामुळं तो नीट बाहेर पडला नाही.)

मामांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ओरडले, "थू! कडू हाय की गं हे!"

आत्याबाई हळूच उठल्या. "काय म्हणालात?"

"कडू! कडूजहर!"

"माती न्हाई लागली?"

मामा थांबले. जीभ फिरवून बघितली. "न्हाई की! कडू लागायलंय. आगं, मला कडू कळायलंय! गूळ आण, गूळ!"

गूळ आला. मामांनी खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "ग्वाड हाय," म्हणाले आणि दुसऱ्या खड्याला हात घातला. आत्याबाई पदरात रडल्या, मी उघडपणे रडले. तात्यांनी वाटीत बोट बुडवून चाटलं आणि तेही रडले, पण ते कडूपणामुळं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते आधी चिडले. "रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या. मला न विचारता असलं काही द्यायचं नाही." मग हसून म्हणाले, "चव परतायच्या मार्गावरच होती, बाई. आणि रेशी पाण्यात उकळून काढा घेतात, ते चावून खात नाहीत." मी कबूल केलं. मशरूमचं श्रेय गेलं तर जाऊ दे, मामा जेवायला लागले होते. त्या मोठ्या मनाच्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू?

संध्याकाळी मामांनी हाक मारली. "बाई, येसूर आमटी कर आज परत. फक्त ते सरपण चुलीत घाल, आमटीत नको."

मी ऐकलं. उरलेलं सगळं रेशी परसातल्या चुलीत घातलं, वर तवा ठेवला, आणि त्या जाळावर ज्वारीची भाकरी अशी टम्म फुगली की मामांनी दीड भाकरी खाल्ली. औषधी मशरूमनं भूक लागते ती अशी! फक्त ते तव्याच्या खाली घालायचं असतं, हे बी.एस्सी. झालेल्या बाईला कुणीतरी सांगावं लागतं.